आजोबांची रेडिओची वही

जुन्या घरांतील सामान काढावयास बसलें म्हणजे मनुष्याच्या हातीं धुळीखेरीज कांहीं ना कांहीं लागतेंच, आणि कित्येकदां त्याचाच एखादा जुना अपराध लागतो. आमचा अपराध आम्हांला दहा-बारा वर्षांपूर्वीं गिरगांवांतील आमच्या जुन्या खोलीच्या माळ्यावर सांपडला. चाळ पाडून तेथें नवी इमारत उभी राहावयाची होती; म्हणून तीन पिढ्यांचा संसार खालीं उतरविण्याचें काम आम्ही दोघे बंधु, वहिनी आणि आमची धाकटी पुतणी अशीं चौघें मिळून करीत होतों. पितळी डबे उतरले, पाळण्याच्या कड्या उतरल्या, पंचांगांचे गठ्ठे उतरले. आणि त्या गठ्ठ्यांच्या तळाशीं जाड पुठ्ठ्याची एक वही निघाली. तिच्यावर आमच्या आजोबांच्या वळणदार अक्षरांत लिहिलें होतें, "रेडिओ. वही चवथी. सन १९५७-५८."

ती वही पाहून दादा हंसले. आम्हांला मात्र हंसूं आलें नाहीं. त्याचें कारण पुढें येईलच.

आमचे आजोबा एका सरकारी कचेरींतून निवृत्त झालेले कारकून. निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेल्या पैशांतून त्यांनीं लांकडी पेटीचा एक रेडिओ घेतला. त्या काळीं रेडिओ घरीं आणणें म्हणजे सोपें काम नव्हतें. टपाल कचेरींत दरसाल त्याच्या परवान्याचे पैसे भरावे लागत, आणि दूरचीं केंद्रें नीट ऐकूं यावींत म्हणून गॅलरीच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत तांब्याची तार ताणावी लागे. शेजारच्या बायका त्या तारेवर बिनदिक्कत लुगडीं वाळत घालीत, आणि त्यावरून आठवड्यास एक तरी तंटा होई. सायंकाळची संध्या आटोपली कीं आजोबा रेडिओपुढें बसत. यंत्र तापेपर्यंत मिनिट-अर्धें मिनिट जाई. मग त्यावरील हिरवा डोळा हळूहळू उजळे, आणि आजोबा लघुलहरींवरचीं केंद्रें एकामागून एक शोधूं लागत.

परंतु त्यांचें खरें लक्ष बातम्यांकडे नसे. कोणतें केंद्र किती वाजतां, कोणत्या लहरींवर आणि किती स्पष्ट ऐकूं आलें, हें ते वहींत टिपून ठेवीत. स्पष्टतेचें त्यांचें माप आण्यांचें होतें. अगदीं स्वच्छ आवाज आला तर "सोळा आणे", खरखर असेल तर "दहा आणे", नुसती चाहूल लागली तर "दोन आणे", आणि कांहींच न आलें तर "मुकें". १९५७ च्या एप्रिलांत नवे पैसे सुरू झाले, तरी वहींतले आणे तसेच राहिले. बुधवारीं रात्रीं आम्हां मुलांना सिलोनवरून सिनेमाचीं गाणीं ऐकावयाचीं असत. आजोबांना तीं मुळींच पसंत नव्हतीं, परंतु नोंद पुरी झाली पाहिजे म्हणून ते तें केंद्र लावीत आणि लिहीत, "कोलंबो. चवदा आणे. कार्यक्रम हलका."

अशा एकंदर सात वह्या होत्या. आजोबा गेल्यावर त्या फडताळांत पडून राहिल्या. १९८० सालीं दादांचें लग्न ठरलें, खोलीला रंग द्यावयाचा निघाला, आणि जागा मोकळी करण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्हीं सहा वह्या रद्दीवाल्यास दिल्या. मिळून दोन-अडीच रुपये आले असतील. सातवी पंचांगांच्या गठ्ठ्यांत अडकली म्हणून वांचली. "काय उपयोग आहे यांचा?" असें त्या वेळीं आम्हीं स्वतःशींच म्हटल्याचें आम्हांला स्वच्छ आठवतें. हाच तो अपराध.

सामान दादरच्या घरीं आलें आणि वही पुतणीनें आपल्या टेबलावर नेली. ती नुकतीच पदार्थविज्ञान घेऊन एम. एस्सी. झाली होती, आणि घरांत त्याच दिवसांत एक मोठा प्रश्न उभा होता. परळला गिरण्यांच्या जागेवर ज्या कांचेच्या इमारती उठल्या आहेत, त्यांपैकीं एकींत तिला उत्तम पगाराची नोकरी मिळत होती. आणि ही मुलगी म्हणत होती कीं आपल्याला कोल्हापूरला जाऊन, तेथील रडारच्या साहाय्यानें शंभर-शंभर किलोमीटर उंचीवरील हवेचा अभ्यास करावयाचा आहे. वेतन बेताचें, वर्षें पांच-सहा, आणि पुढें काय याचा पत्ता नाहीं. दादांचा कडवा विरोध होता. "विमानें हुडकायचें यंत्र तें. त्यानें आकाशांत काय शोधणार, आणि सांपडलें तरी उपयोग काय?" असा त्यांचा सवाल. घरांत चार पुस्तकें अधिक वाचलेला म्हणून तिची समजूत घालण्याचें काम त्यांनीं आमच्यावर सोंपविलें, आणि आम्हीं तें पत्करलें. आमचें मतहि दादांसारखेंच होतें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

रात्रीं जेवणें झाल्यावर आम्ही चौघें बसलों. समजूत घालावयास आम्ही बसलों होतों. परंतु बोलली तीच.

"काका," ती म्हणाली, "लंडनचा आवाज गिरगांवांत कसा येई, याचा तुम्हीं कधीं विचार केला आहे का? पृथ्वी वाटोळी, आणि लहर तर सरळ जाते."

तिनें सांगितलें तें थोडक्यांत असें. जमिनीपासून सुमारें ६० किलोमीटरांच्या वर हवा फारच विरळ असते, आणि सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांचा मारा तिच्यावर होऊन अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटे होतात. कांहींशें किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेल्या या विद्युन्मय थरांना आयनांबर म्हणतात. लघुलहरी त्यांच्यापर्यंत जातात आणि परावृत्त होऊन पुन्हां जमिनीकडे येतात. म्हणून समुद्रापारचें केंद्र आपल्याला ऐकूं येतें. मात्र या थरांपैकीं सर्वांत खालचा, ६० ते ९० किलोमीटरांवरचा, लहरींना परतविण्याऐवजीं त्यांचा बराच भाग गिळून टाकतो. सूर्य मावळला कीं तो विरतो; म्हणूनच आजोबांच्या वहींत दुपारचे दोन आणे रात्रीं बारा आणे होत.

मार्कोनीनें १९०१ च्या डिसेंबरांत इंग्लंडांतून अटलांटिकपार संदेश धाडला, तेव्हां हें कोडें प्रथम पडलें. पुढल्याच वर्षीं अमेरिकेंत केनेली आणि इंग्लंडांत हेविसाइड यांनीं, वरती कोठें तरी विद्युत्वाहक थर असला पाहिजे, असा तर्क केला. १९२४ सालीं ॲपल्टन यांनीं तो थर खरोखर आहे असें प्रयोगानें दाखविलें, आणि १९४७ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. १९२५ सालीं अमेरिकेंतील ब्राइट आणि ट्यूव्ह यांनीं त्याहून सुटसुटीत युक्ति काढली. त्यांनीं आकाशाकडे लहरींचे तुटक ठोके पाठविले आणि प्रत्येक ठोक्याचा प्रतिध्वनि किती वेळानें येतो तें मोजलें.

"म्हणजे विहिरींत खडा टाकून पाणी किती खोल तें पाहावें, तसें," वहिनी म्हणाल्या. त्यांचें माहेर कोंकणांतलें.

"अगदीं तसेंच, आई. फक्त ही विहीर उलटी आहे. रेडिओची लहर सेकंदांत तीन लक्ष किलोमीटर जाते. म्हणजे ९० किलोमीटरांवर जाऊन परत यावयास तिला सेकंदाचा सहादशसहस्रांश भाग पुरतो. रडार म्हणतात तें हेंच. विमानें हुडकण्याचें काम त्याला १९३५ नंतर लागलें. आकाशाला विचारण्याचें काम त्याच्या दहा वर्षें आधींचें. आणि इंग्लंडांत विमानांसाठीं रडार उभें करणारे जे वॉटसन-वॉट, त्यांनींच १९२६ सालीं आयनांबराचें इंग्रजी नांव सुचविलें होतें."

दादा अजून वर्तमानपत्रांत डोकें घालून होते. परंतु पान उलटल्याचा आवाज बराच वेळ झाला नव्हता.

आम्हीं विचारलें कीं इतक्या विरळ हवेकडून परत येणार तरी काय? त्यावर तिनें लालबागचा दृष्टांत दिला. गणपतीच्या गर्दींत हरवलेल्या मुलानें एकच हांक मारली तर ती गोंगाटांत बुडून जाते. परंतु तीच हांक तो पुन्हां पुन्हां मारीत राहिला, तर आईचा कान ती नेमकी वेगळी काढतो. कारण गर्दीचा गलबला दर क्षणीं निराळा असतो, आणि हांक तीच असते. रडार सेकंदांत कितीतरी ठोके पाठवितें आणि सर्वांचीं उत्तरें एकावर एक रचतें. गोंगाट आपोआप एकमेकांस खाऊन टाकतो, आणि आकाशाचें क्षीण उत्तर वर उरतें. शिवाय दादर स्टेशनांत शिटी फुंकीत येणाऱ्या गाडीचा सूर चढा आणि दूर जाणारीचा उतरता लागतो, त्याचप्रमाणें परतलेल्या लहरीचा सूर किंचित् चढला कीं उतरला हें पाहून वरची हवा कोणीकडे आणि किती वेगानें चालली आहे तेंहि कळतें.

असें एक मोठें रडार तिरुपतीजवळ गाडंकी या गांवीं आहे. १३० मीटर लांब आणि तितक्याच रुंद जागेंत १०२४ एरिअल एका मेळानें उभे केलेले, आरंभीं एका ठोक्याची कमाल शक्ति २५ लक्ष वॅट होती. बालाजीच्या दर्शनास आपल्याकडचीं हजारों माणसें जातात. परंतु १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत तेथें उभें राहिलेलें तें यंत्र आपल्या मुंबईंत पवईला, आय. आय. टी. च्या आवारांतील 'समीर' या संस्थेनें घडविलें, हें त्यांतल्या किती जणांस ठाऊक असेल? संस्थेचें हें नांव इंग्रजी आद्याक्षरांचें आहे. परंतु वाऱ्याचा माग काढणारें यंत्र समीरानें घडवावें, हा योग मोठा गोड आहे. कोल्हापूरचें रडार याच्या मानानें लहान. भारतीय भूचुंबकत्व संस्थेनें तें १९९९ सालीं शिवाजी विद्यापीठाच्या परिसरांत बसविलें. त्याची लहर सुमारें दीडशें मीटर लांबीची. ती ७० ते १०० किलोमीटरांच्या दरम्यानच्या विरळ थरांतून अंशतः परत फिरते. जमिनीवर ठिकठिकाणीं उभारलेल्या एरिअलांपैकीं कोणत्यावर प्रतिध्वनींतील चढउतार आधीं दिसतो आणि कोणत्यावर मागून, यावरून वरच्या वाऱ्याचा वेग निघतो.

येथें वहिनींनीं जो प्रश्न विचारला, तो आम्हां पुस्तकें वाचणाऱ्यांस सुचला नव्हता. त्या म्हणाल्या, "विहिरीचें पाणी किती खोल तें एकदां कळलें कीं पुरे. रोज रोज काय मोजायचें?"

"आई, आजी रोज सकाळीं विहिरींत डोकावून बघत असे, असें तूंच सांगतेस ना? पाणी रोज तेवढेंच नसतें म्हणून. वरच्या हवेला तर दिवसांतून भरती-ओहोटी येते. सूर्याच्या उष्णतेनें चोवीस तासांची एक, बारा तासांची एक. चंद्राचीहि एक बारीकशी. पावसाळ्यांत वारा निराळा, थंडींत निराळा. सूर्यावर डाग वाढले म्हणजे थर निराळे. सूर्यास्तानंतर आपल्या विषुववृत्ताकडच्या भागांत कधीं कधीं विरळ विद्युत्कणांचे मोठे बुडबुडे वर चढतात, आणि मग उपग्रहांकडून येणारे संदेश डळमळतात. विमानें आणि जहाजें त्याच संदेशांवर चालतात. आज कसें आहे, हें आजच पाहावें लागतें. उद्यां आजचा वारा मोजतां येत नाहीं."

तें शेवटचें वाक्य आमच्या मनांत रुतून बसलें.

मग तिनें वही उघडली. एका पानावर आजोबांनीं लिहिलें होतें, "दुपारीं तीनचे सुमारास लघुलहरींवरील सर्व केंद्रें एकाएकीं मुकीं. पाऊण तासानें पूर्ववत्. यंत्र तपासून घेणें." त्याखालीं दुसऱ्या दिवशीं लॅमिंग्टन रोडवरील कारागिरास दिलेल्या पैशांची नोंद होती. अशा नोंदी वहींत चार ठिकाणीं होत्या, आणि चारहि वेळां कारागिराचे पैसे. पुतणी म्हणाली, "सूर्यावर मोठा स्फोट झाला कीं त्याचे क्ष-किरण आठ-साडेआठ मिनिटांत येथें पोंचतात, जेथें दिवस असेल तेथें खालचा थर एकदम दाट होतो आणि लघुलहरी गिळून बसतो. तासाभरांत सारें पुन्हां सुरळीत. १९५७-५८ हें तर आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष. साठांहून अधिक देश तेव्हां पृथ्वीचीं आणि आकाशाचीं मोजमापें घेत होते, आणि सूर्यावर विक्रमी डाग होते. यंत्र कदाचित् धड असेल, काका. बिघडला असेल तो सूर्य."

दादांनीं वर्तमानपत्र खालीं ठेवलें. "कदाचित् कशाला? नक्की सांग ना."

"नक्की सांगतां येत नाहीं, बाबा. सूर्य शांत असतांनाच्या वर्षांत अशा नोंदी किती, तें पाहिलें पाहिजे. १९५४ सालीं सूर्य शांत होता, १९६४ सालींहि होता. त्या वर्षांच्या वह्या असत्या तर ताळा पाहतां आला असता. एका वहीवरून यंत्र खोटें कीं सूर्य, तें ठरत नाहीं. त्या वह्या कुठें गेल्या कोण जाणे."

कोण जाणे! आम्ही जाणत होतों, आणि आम्ही गप्प बसलों.

त्यानंतर महिन्याभरानें अंबाबाईच्या दर्शनाचें निमित्त करून आम्ही चौघें कोल्हापूरला गेलों. दर्शन झाल्यावर विद्यापीठाकडे गेलों. गरगर फिरणारी एखादी अजस्र परात दिसेल, अशी दादांची कल्पना होती. प्रत्यक्षांत मोकळ्या जागेंत उभे खांब, त्यांवरून ताणलेल्या तारा, आणि जवळच यंत्रांची खोली. दादा कितीतरी वेळ मान वर करून पाहत राहिले, आणि मग हलक्या आवाजांत आम्हांस म्हणाले, "अरे, ही तर आपल्या गॅलरींतली तार." आंत पडद्यावर त्या क्षणींच्या वाऱ्याचे आंकडे उमटत होते, आणि त्यांच्या मागें दिवसांमागून दिवसांच्या नोंदी रांगेनें उभ्या होत्या.

तेथील एका अभ्यासकांनीं आम्हांस संस्थेचा पूर्वेतिहास सांगितला, तो ऐकून तर आम्हांला आमच्याच शहराची नव्यानें ओळख झाली. या संस्थेचें मूळ कुलाब्याच्या वेधशाळेंत आहे. ती १८२६ सालीं स्थापन झाली आणि १८४१ पासून तेथें चुंबकसूचीच्या हालचालींची नोंद होऊं लागली. पुढें गणिती म्हणून महाराष्ट्रानें ज्यांना गौरविलें ते केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणीं तेथेंच सहायक होते. सूची दिवसभर किंचित् हालते कां, हें त्या वेळीं कोणासहि ठाऊक नव्हतें. वरच्या हवेंत वाहणारे विद्युत्प्रवाह तिला हालवीत असावेत, ही कल्पना बाल्फोर स्टुअर्ट यांनीं १८८२ सालीं मांडली, आणि ती खरी ठरली. म्हणजे आयनांबर हा शब्द जन्मास येण्यापूर्वीं ऐंशींहून अधिक वर्षें आमच्या कुलाब्याची सूची त्याचें म्हणणें ऐकत होती. रडारनें त्याला प्रश्न विचारले ते मागाहून. १८५९ च्या सप्टेंबरांत सूर्यावरील प्रचंड स्फोटानें जगभर चुंबकीय वादळ झालें, तेव्हां कुलाब्याच्या निरीक्षकांनीं सूचीचीं मापें डोळ्यांनीं वाचून टिपलीं. सुमारें १६०० नॅनोटेस्लांची ती घट २००३ सालीं, म्हणजे जवळजवळ दीडशें वर्षांनीं, शास्त्रज्ञांनीं त्या वादळाचें बळ ठरविण्यासाठीं वापरली. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनीं सूची बिचकेल, म्हणून वेधशाळेचे पहिले हिंदी प्रमुख नानाभाई मूस यांच्या कारकीर्दींत १९०४ सालीं चुंबकीय वेधांचें काम अलिबागेस सुरू झालें. दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकदम मापें घेतलीं, तीं अशासाठीं कीं नोंदींचा धागा तुटूं नये. ट्रामगाड्या १९०७ सालीं आल्या आणि १९६४ सालीं गेल्याहि. धागा तुटला नाहीं.

परतीच्या प्रवासांत महालक्ष्मी एक्सप्रेसमध्यें वहिनी आणि पुतणी झोंपीं गेल्या. आम्ही दोघे बंधु जागे होतों. कुलाब्याच्या त्या निरीक्षकाची मूर्ति आमच्या डोळ्यांपुढून हालेना. त्यालाहि घरीं कोणी तरी विचारलें असेलच कीं या कांट्याकडे पाहून काय मिळतें. शेवटीं आम्हीं दादांना सांगून टाकलें, "त्या सहा वह्या मीं रद्दींत घातल्या. तुझ्या लग्नाच्या वेळीं."

दादा कांहीं बोलले नाहींत. गाडीनें दोन-तीन स्टेशनें मागें टाकलीं. मग ते म्हणाले, "आजोबांना मीहि वेडेच समजत होतों. तूं टाकल्या नसत्यास तर मीं टाकल्या असत्या." पुन्हां थोड्या वेळानें, वरच्या बाकावर झोंपलेल्या मुलीकडे पाहून म्हणाले, "निदान हें तरी रद्दींत घालूं नये. जाऊं दे तिला."

आम्हांस समजूत घालावयास सांगितलें होतें, ती अशी घातली गेली.

ती गेली. वाट सोपी नव्हती. पहिलीं दोन वर्षें तर ती दर सुटींत थकून घरीं येई, आणि तिच्या बरोबरीच्या मुलींचे पगार ऐकून वहिनी गप्प होत. पांचाचीं सहा वर्षें झालीं. परंतु प्रबंध पुरा झाला, आणि आज ती त्याच विषयांत काम करीत आहे. तिच्या कामानें जगाचें काय भलें होईल, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. कुलाब्याच्या निरीक्षकासहि १८५९ सालीं तें सांगतां आलें नसतें. वाचकांच्या घरांतहि एखादा आजोबा पावसाचें पाणी मोजून ठेवीत असेल, एखादी आजी आंब्याला मोहर केव्हां आला तें दिनदर्शिकेवर टिपीत असेल, एखादी मुलगी भलत्याच विषयाचा हट्ट धरून बसली असेल. उपयोगाचा प्रश्न अवश्य विचारावा. परंतु उत्तर येण्यापूर्वीं रद्दीवाल्यास हांक मारूं नये, एवढेंच आम्ही स्वतःच्या अनुभवावरून सांगूं शकतों. टाकलेली वस्तु पुन्हां विकत मिळते. न टिपलेला दिवस मिळत नाहीं.

चवथी वही तिच्याजवळच आहे. दर रविवारीं सकाळीं तिचा फोन येतो. प्रकृतीची विचारपूस झाल्यावर दादा न चुकतां विचारतात, "काय, वर कसें काय आहे?"

आणि तिकडून उत्तर येतें, "चवदा आणे, बाबा."